आधार माझ्या नावावर आहे

मी अमेरिकेतल्या टोलेडो शहरातली एक पाच मजली विटांची इमारत बोलतेय. लिंडेन कोर्ट म्हणतात मला. चौऱ्याऐंशी घरं माझ्या पोटात आहेत. विटांचा रंग उडालाय, लिफ्ट कुरकुरते, पण मी मान ताठ ठेवून बोलणार आहे.

एकोणीसशे एकोणऐंशी साली माझे पहिले मालक, थोरले ड्रायर, यांनी मला बांधलं. माणूस हिशेबी, पण मनाने चांगला. त्यांनी सरकारशी वीस वर्षांचा करार केला. भाडेकरूने आपल्या कमाईतला ठरलेला हिस्सा भरायचा, आता तो शंभरात तीस आहे, आणि उरलेलं भाडं सरकारने थेट मालकाला द्यायचं. त्या करारात कुठल्याही माणसाचं नाव नव्हतं, माझं होतं. माणूस घर सोडून गेला तरी ती मदत त्याच्याबरोबर जात नाही. ती माझ्या खोल्यांत थांबते, पुढच्या माणसासाठी.

व्हर्लीन स्टब्ज आली तेव्हा तिशीची होती. हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम करायची, बरोबर सहा वर्षांची मुलगी डेनिता. घर मिळावं म्हणून माझ्या यादीत तीन वर्षं तिने वाट पाहिली होती. चौथ्या मजल्यावरचं घर उघडल्या उघडल्या तिने बादली भरली आणि आधीच स्वच्छ असलेल्या खिडक्या पुन्हा पुसून काढल्या. मला तेव्हाच ती आवडली.

दरवर्षी कमाईचे कागद नव्याने दाखवावे लागत. ती ऑफिसात कागद आपटून म्हणायची, "माझ्याकडे मोजे किती आहेत, तेही लिहून देऊ का?" पण एकही वर्ष तिचा कागद उशिरा आला नाही.

तिच्या शेजारी काझ नोविकी राहायचा, काचेच्या कारखान्यातला कामगार. कारखाना बंद पडला, त्या हिवाळ्यात तो आठवडाभर दाराबाहेर पडला नाही. आता घर जाणार, हे त्याने गृहीतच धरलं होतं. व्हर्लीनने दार ठोकून ठोकून त्याला बाहेर काढलं आणि ऑफिसात नेऊन कमाई बुडाल्याचा कागद भरायला लावला. त्याचा हिस्सा जवळजवळ काहीच उरला नाही, सरकारचा तेवढा वाढला. थोरल्या ड्रायरांना एकाही महिन्यात कमी पडलं नाही. काझ माझ्यात राहिला. असं काही झालं की मला माझ्या विटांचा अभिमान वाटतो.

पहिला करार संपला, दुसरा झाला. मग थोरले ड्रायर गेले आणि मी त्यांच्या मुलाकडे, टॉडकडे आले. दुसरा करार संपायला वर्ष उरलं तेव्हा माझ्या प्रत्येक दारावर नोटीस लागली. मालक यापुढे करार करणार नाही, असं त्यात होतं.

व्हर्लीनने नोटीस घेतली आणि बस धरून ती फुकट सल्ला देणाऱ्या वकिलांकडे गेली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या खेपेहून आल्यावर ती तळघरात कपडे धुवायला उतरली. काझ तिथेच होता.

"काय म्हणाली तुझी वकीलबाई?"

"म्हणाली, घाबरू नका. करार संपला तरी आत्ता राहणाऱ्यांना सरकार भाड्याच्या मदतीची वेगळी चिठ्ठी देईल, ज्याच्या त्याच्या नावाची. आपल्याला इथेच राहता येईल."

"मग सुटलो की आपण! आता कशाला डोकेफोड करतेस?"

"आपण सुटलो रे. पण उद्या मी गेले की माझी चिठ्ठीही गेली. मग हे घर ज्याच्या खिशात पैसा त्याचं. ऑफिसातल्या यादीत दोनशे माणसं थांबलीत, काझ."

"तुला ओळखतात का ती?"

"मला तरी कोण ओळखत होतं?" व्हर्लीन ओली चादर पिळत म्हणाली. "तीन वर्षं बहिणीच्या तळघरात काढलीत मी. पोरीला घेऊन."

काझने दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून चादर पिळली.

पुढच्या शनिवारी तळमजल्याच्या सामाईक दिवाणखान्यात भाडेकरूंची बैठक भरली. टॉड आला तो घाईतच.

"बस बाळा, आधी खाऊन घे," व्हर्लीनने मक्याच्या ब्रेडचा तुकडा त्याच्या हातात दिला. लहानपणी तो वडिलांबरोबर यायचा तेव्हापासूनची ओळख.

"मिस व्हर्लीन, माझ्यावर रागवू नका," तो म्हणाला. "छप्पर गळतंय. जुन्या करारातल्या भाड्यात मी ते कसं दुरुस्त करू? समोरच्या नव्या इमारतीचं भाडं बघा."

"बघितलं. म्हणूनच सांगते, नव्या करारात आसपासच्या घरांइतकं भाडं मागता येतं. सरकारने मान्य केलं तर वाढलेलं सगळं सरकार भरेल. आमचा हिस्सा आमच्या कमाईवरच राहील."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वकीलबाईने. मग मी स्वतः वाचलं. तुझ्या वकिलाने वाचलं नाही वाटतं?"

सगळे हसले. टॉडचे कान लाल झाले.

काझ मागून म्हणाला, "आणि समोर संध्याकाळी अर्ध्या खिडक्यांत दिवा लागत नाही. मी रोज बघतो, मला दुसरं काम काय! इथलं एक तरी घर कधी रिकामं राहिलंय का, ते तू सांग."

 टॉडने ब्रेड संपवला आणि व्हर्लीनने वाचलेले कागद मागून घेतले.

पुढचे कित्येक महिने माझी परीक्षाच होती. आसपासची भाडी तपासणारे आले, माझे नळ, तारा, जिने पाहणारे आले. व्हर्लीन प्रत्येकाबरोबर पाचही मजले चढली, गुडघे दाबत. शेवटी सह्या झाल्या. आणखी वीस वर्षं! छपराचं काम सुरू झालं तेव्हा ठोकाठोकीने माझं अंग दुखलं, पण मला ते सणाच्या ढोलांसारखं वाटलं.

आणि मग एका सकाळी व्हर्लीनच्या दारात खोकी दिसली.

"हे काय?" काझने विचारलं.

"डेनिताकडे चाललेय, दक्षिणेत, जॉर्जियाला. हे गुडघे आता इथली थंडी सोसत नाहीत."

"कधी ठरलं?"

"गेल्या वर्षीच्या ईस्टरला."

काझने मनाशी महिने मोजले. "म्हणजे नोटीस लागायच्या आधीच? अगं, मग तू वर्षभर भांडलीस कुणासाठी?"

"गप्प बस आणि ते जड खोकं उचल," व्हर्लीन म्हणाली.

जाताना तिने ऑफिसात किल्ली दिली. मदतीतलं काहीच तिच्याबरोबर गेलं नाही. ती सगळी मदत माझ्यापाशी ठेवून व्हर्लीन बसमध्ये बसली. माझ्यात किती माणसं राहून गेली, पण जिथे आपण राहणार नाही त्या घरासाठी लढलेली तीच एक.

दहा दिवसांनी यादीतलं पुढचं नाव आलं, मरिसोल किंताना. म्हाताऱ्यांची त्यांच्या घरी जाऊन सेवा करते. चार वर्षं थांबली होती. रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी राहून ती काझला म्हणाली, "इथे आधी कोण राहायचं?"

"एक भांडखोर बाई," काझ म्हणाला, आणि दाराबाहेरचं तिचं जड खोकं उचलून आत आणलं.

माझ्यासारखी एखादी इमारत दिसली तर नाक मुरडून पुढे जाऊ नका. आत कष्टाची माणसं राहतात, आपापल्या कुवतीनुसार भाडं भरतात. हाही करार कधीतरी संपेल आणि दारांवर पुन्हा नोटीस लागेल. तेव्हा माझ्यात जो कोणी राहत असेल, त्याने ती नीट वाचावी आणि यादीत थांबलेल्यांसाठीही वाचावी, एवढंच माझं मागणं आहे.