तोंड मिटलेला बाप

मित्रांनो, मी गडचिरोलीच्या जंगलाला लागून असलेल्या एका बोडीतला, म्हणजे शेतालगतच्या लहान तळ्यातला, म्हातारा मासा आहे. मरळीच्या गोतातला, पण जेमतेम वीतभर. मरळीला बाजारात मान. आम्हाला कोण विचारतो?

पण आमच्यात एक रीत आहे. आई अंडी घालते, ती पाण्यावर तरंगतात, आणि बाप ती गोळा करून तोंडात धरतो. पिल्लं निघून पोहायला शिकेपर्यंत बापाला उपास. नाकासमोरून गांडूळ वळवळत गेलं तरी तोंड उघडायचं नाही. यंदा धानाच्या रोवणीच्या दिवसांत मीही असाच गाल फुगवून बसलो होतो, आणि नेमके तेव्हाच आम्ही दोघं नवराबायको बोडीत मासे धरणाऱ्या लटारूभाऊंच्या बांबूच्या सापळ्यात अडकलो.

बोडीतल्या माशाच्या तोंडात चिखल असतो, असं लटारूभाऊ मानतात. म्हणून बादलीत टाकण्याआधी ते प्रत्येकाचा गळा दाबतात. त्यांचा अंगठा माझ्या गळ्यावर आला. मी जबडा आवळला. अंगठा आणखी रुतला, आणि एक पिल्लू निसटून त्यांच्या तळहातावर पडलं.

"काका, दाबू नका," शेजारी उभी असलेली रिना म्हणाली. "त्याच्या तोंडात पिल्लं हायेत."

रिना कॉलेजात आमच्याच जातीचा अभ्यास करते. तिनं ते पिल्लू अलगद बादलीत सोडलं. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! आमच्यावर फारसं कोणी लिहिलेलं नाही. पिल्लं तोंडात धरतो तो बाप की आई, हे तिला स्वतः पाहायचं होतं, आणि बाहेरून आम्ही दोघं तिला सारखेच दिसत होतो. पोट उघडल्याशिवाय कळणार कसं? तिनं आधी माझ्या जोडीदारणीला उचललं.

बादलीतून मला काही दिसत नव्हतं. मग तिचा हात पुन्हा पाण्यात आला. मी तळाशी दडलो, पण बादलीला कोपरा कुठला? तिच्या दुसऱ्या हातात पातं होतं.

"आता यालेबी काप, म्हंजे पक्कं होईन," लटारूभाऊ म्हणाले.

रिना माझ्या फुगलेल्या गालांकडे पाहत राहिली. "नाई काका. तिची अंड्याची पिशवी रिकामी झाली हाये. नुकतीच अंडी घातली तिनं. ते आई, मंग हा बाप."

"अन् सरानं विचारलं, याले काऊन नाई कापलं?"

"सांगीन, तोंडात लेकरं होते म्हून."

लटारूभाऊंनीच मला बोडीत सोडलं, आणि बादलीतलं पिल्लूही. या वेळी त्यांचा अंगठा माझ्या पोटाखाली होता. पाण्यात मी तोंड उघडलं. पिल्लं बाहेर आली, भोवती फिरली. त्यांच्या आईचं पोट उघडलं म्हणून माझं वाचलं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. मला ते जमत नाही.

मित्रांनो, रोवणीच्या दिवसांत गाल फुगलेला मासा हाती आला, तर त्याला आधी पाण्यात सोडा. तो काही मागणार नाही. त्याला तोंड उघडता येत नाही.