रविवारी दोरीवर टाकलेल्या चादरी

चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या आठवड्यातला शुक्रवार म्हणजे पुरुषांनी उभं राहून श्रद्धेविषयी बोलायचा दिवस. त्या दिवशी म्हाताऱ्या एवनने प्रश्न मांडला, "नुसती लाज कोणती आणि खरा पश्चात्ताप कोणता, हे ओळखायचं कशावरून?" आणि पाळकांनी टॉर्किलचं नाव पुकारलं.

टॉर्किल वीस वर्षं मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी एक. अशा प्रश्नावर तो अर्धा तास सहज बोलायचा. आज त्याने पुढ्यातलं बायबल मिटून ठेवलं आणि मग उभा राहिला.

वसंतात त्याची बायको मोराग अंथरुणाला खिळली होती. एका रविवारी घरात कोरडी चादर उरली नाही. तेव्हा तिची बहीण इशबेल आली, ओल्या चादरी घेऊन गेली, धुतल्या आणि आपल्या अंगणात दोरीवर टाकल्या. कुठल्याही कामाला हात न लावायच्या शब्बाथच्या दिवशी दोरीवर धुणं! सगळ्या गावाने पाहिलं. वडीलजनांनी ठरवलं, इशबेलला बिल्ला द्यायचा नाही. शिशाच्या त्या बिल्ल्याशिवाय प्रभूच्या मेजाशी भाकर घ्यायला बसता येत नसे. चादरी कोणाच्या, हे इशबेलने सांगितलं नाही. टॉर्किल बैठकीतच होता. वडीलजनाच्या घरचा शब्बाथ मोडला असं कोणी म्हणू नये, म्हणून तोही बोलला नाही. आठवड्याने मोराग वारली.

"त्या चादरी माझ्या घरच्या," टॉर्किल म्हणाला. "माझी बायको ओल्यात पडली होती. गाठोडं मीच बांधून इशबेलच्या हातात दिलं. आपण तिला बाहेर ठेवलं तेव्हा मी मान खाली घालून बसलो. लाज मला तेव्हाही वाटत होती, सहा महिने वाटतेच आहे. त्या लाजेने इशबेलचं काही भलं झालं नाही. मला कळतो तो फरक एवढाच."

तिथून निघाला तो सरळ इशबेलच्या दारात.

"समोरच्या घरातून इथं यायला सहा महिने लागले, भावोजी?"

"लागले. माझं चुकलं, इशबेल."

"चुकलंच," ती म्हणाली. "आत या. चहा टाकते."

शनिवारी बिल्ले वाटताना इशबेलचं नाव सगळ्यांत आधी पुकारलं गेलं. बिल्ला मुठीत धरून ती परतली, तर टॉर्किल मागच्या बाकावर हात बांधून बसलेला.

"तुमचा कुठाय?"

"मी नाही घेत यंदा. माझी लायकी नाही."

"लायकीचं माणूस मी तरी त्या मेजाशी कधी पाहिलं नाही. मोराग असती तर कान धरून नेलं असतं तुम्हाला. देवाने क्षमा केली, मी केली, आता तुम्ही एकटेच अडून बसणार? मोठे आलात! उठा."

टॉर्किल उठला.

रविवारी लांब मेजाशी भाकर हातोहात पुढे येत होती. त्याच्या डाव्या हाताला मोराग बसायची, तिथे आज इशबेल होती. तिने तुकडा मोडला आणि ताट त्याच्याकडे सरकवलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्याने मान वर करून सगळ्या मेजाकडे पाहिलं, आणि हात पुढे केला.