पेवातली माती

या मायबापहो, जवळ सरका, टाळ जरा खाली ठेवा. अमडापूरच्या मनकर्णाबाईची गोष्ट सांगतो. शांतपणे सांगण्यासारखी नाही, तरी ऐका.

साल चौसष्ट. चावडीत मनकर्णाबाईच्या अंगठ्याला शाई लावून झाली होती आणि वामनराव वकील कागद वाचून दाखवत होते. तिच्या ज्वारी साठवायच्या, जमिनीखालच्या पेवातली माती एका कारखान्यानं बाटलीत भरून नेली, तिच्यातून जखमेचं औषध काढलं, पेटंट मिळवलं. दुसऱ्या कारखान्यानं अपील केलं: यात शोध कसला, हे तर उघडच होतं. वामनराव या दुसऱ्यांचे. बैलांच्या सोललेल्या खांद्यांना तीच माती लावणारी मनकर्णाबाई त्यांची साक्षीदार.

"'मी अडाणी आहे,'" वकील वाचत होते, "'हाताला येईल ती माती लावते. याला अक्कल लागत नाही. कोणालाही सहज सुचेल.'"

"हे कोन म्हनलं?"

"कायद्याची भाषा आहे, बाई. काम जितकं सोपं, तितकं आपलं अपील पक्कं."

"अन् समोरचे काय म्हनतात?"

"ते म्हणतात, तुमचा नुसता अंगारा-धुपारा."

"म्हंजे दोघाईच्या हिशोबानं मी येडीच."

ती उठली. घर चावडीमागेच. दोन पेवांतली माती दोन टोपल्यांत आणून तिनं वकिलापुढं ठेवली.

"घ्या निवडून. एकीनं खांदा भरते, दुसरीनं सडते."

वामनरावांनी माती चिमटीत धरली, हुंगली, आणि स्वच्छ दिसणाऱ्या टोपलीकडे बोट केलं.

"मेला तुमचा बैल," मनकर्णाबाई म्हणाली. "माह्या सासूचे तीन मेले, तवा तिले वास समजला. नांगरेल वावरावानी वास आला त घ्याची, आंबूस आला त फेकाची. बारा वर्सं तिनं मले पेवात उतरवलं. अन् तुमी लिवता, कोनालेही सुचते?"

"बाई, एवढं बारीक सांगितलंत तर अपील पडेल."

"पडू द्या."

देवानं मातीत गुण ठेवला, तिच्या सासूनं, सोजराबाईनं, तो हुडकला. आणि दोन कारखान्यांचं भांडण एवढंच, की तिची अक्कल लुटायची की पुसून टाकायची!

मनकर्णाबाई कागद तसाच ठेवून गोठ्यात गेली. बैलाचा खांदा जुवानं सोलला होता. तिनं माती भिजवली आणि हलक्या हातानं दाबून बसवली. अंगठ्याची निळी शाई तिथंच उतरली.

अपील कोण जिंकलं, ते अमडापूरला कधी कळलं नाही. तुम्ही सांजेला दिवा लावाल, तेव्हा एकदा सोजराबाईचं नाव घ्या. कुठल्या कागदावर ते नाही.