एकशे त्रेचाळीस नंबरची काच

ठाण्याच्या नर्सिंग कॉलेजात जुन्या तपासणी-साहित्याचं प्रदर्शन होतं. तिथली विद्यार्थिनी मेघना हिवताप तपासायची जुनी पेटी न्यायला येणार म्हणून शहाडच्या चाळीत उत्तमकाकांनी सकाळपासून दोनदा टेबल पुसलं. येणारं माणूस म्हणजे सणच.

ती आली, रिक्षा दाराशीच थांबवून. काकांनी पेटी उघडली. सुया, स्पिरिटची बाटली, कापूस, खाचांत उभ्या काचपट्ट्या.

"तीस वर्षं दारोदार हिंडलो. बोट टोचायचं, काचेवर थेंब घ्यायचा, नंबर घालायचा. पोरं मला बघून माळ्यावर चढायची."

"आणि मोठी माणसं?"

"ती संडासात लपायची."

मेघना हसली. "काका, सगळ्या कोऱ्याच काचा. एखादी रक्ताची नाही?"

"रक्तात हिवताप नसलेली धुऊन परत वापरायचो. हिवतापाची लॅबमध्येच राहायची." मग काकांनी कपाटातून कागदाची पुडी काढली. आत एक काच, तिच्यावर तपासणीचा रंग दिलेल्या रक्ताचा जांभळट डाग, वाळल्या जांभळाएवढा. "ही राहिली. आमच्या हिची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी थंडी वाजून ताप आलेला. लॅबवाला मित्र नंतर म्हणाला, घे, तुझ्या घरचा माल."

तिला जाऊन तीन वर्षं झाली. मूलबाळ नाही. काकांनी मनाशी धरलेलं, काचेखाली तिचं नाव लागेल, येताजाता पोरी वाचतील.

"देतो. पण चिठ्ठीवर तिचं नाव लिही."

मेघना घुटमळली. "पेशंटचं नाव नाही लावता येत, काका. नंबर चालेल."

काकांना हा नियम ठाऊक होता. तीस वर्षांत त्यांनी एका घरचा ताप दुसऱ्या घरी सांगितला नव्हता. दिली तर ती नुसता नंबर. ठेवली तर कपाटात, आपण आहोत तोवर, मागाहून भंगारवाला.

त्यांनी काच हळूच खाचेत बसवली. "काचेवर आहे तोच, एकशे त्रेचाळीस लिही."

बाहेर हॉर्न वाजला. मेघनानं पेटी उचलली.

"लिहू नको, पण ऐकून जा," काका म्हणाले. "मालन."

"मालन," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मालनकाकू."

तीन वर्षांत त्या खोलीत हे नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. काकांना आणखी एकदा ऐकायचं होतं. पण असलं कसं मागायचं? रिक्षा वळून गेली, तरी ते दारातच उभे होते.