टेपवरून निसटलेला बोर्ड

मित्रांनो, मी भाजी चिरायचा एक जुना, पांढरा चॉपिंग बोर्ड आहे. माझ्यातून एक गोल चकती कापून घेतली आहे आणि उरलेला मी नाशिकच्या सिडकोत, एका घराच्या गॅलरीतल्या फळीवर उभा आहे. खालचं यंत्र सुरू झालं की मला अजून धडकी भरते. ती का, ते सांगतो.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. पांढरे दाणे वितळवून, दाबून माझी जाड लादी केली. तिथून मी सातपूरच्या एका कँटीनमध्ये आलो, सिंधुबाईंच्या हाताखाली. कोबी, गाजर, कोथिंबिरीच्या जुड्या, सगळं त्यांनी माझ्यावर चिरलं. काम संपलं की त्या मला मीठ-लिंबानं घासून उन्हात उभं करायच्या. "लाकडाचे किती आले अन् किती फुटले, ह्यो काय हलत नाय," असं त्या बाकीच्या बायकांना सांगायच्या. ते ऐकून मला बरं वाटायचं.

पुढे माझ्या अंगावर सुरीच्या रेघाच रेघा झाल्या. नवे रंगीत बोर्ड आले आणि मी कचऱ्याच्या डब्यामागे जाऊन पडलो. भंगारात गेलेल्या प्लास्टिकचा यंत्रात भुगा करतात, हे मी ऐकून होतो. भंगाराची गाडी दारात वाजली की माझा जीव गोळा व्हायचा. पण सिंधुबाईंनी काम सोडलं त्या दिवशी त्यांनी मला गोणपाटात गुंडाळलं आणि घरी आणलं.

घरी त्यांची सून निकिता होती. तिला वस्तू घडवण्याचा भारी नाद. गॅलरीत तिनं स्वतः जुळवलेलं एक छोटं सीएनसी यंत्र होतं. संगणकावर आकृती काढायची, की यंत्राचं फिरतं कटर तोच आकार लाकडात किंवा प्लास्टिकमध्ये कोरून काढायचं. तिचं माहेर सटाण्याकडचं. तिचे वडील झुंबर आबा कांद्याचं बी हातानं फेकायचे. ते कुठे दाट पडायचं, कुठे पडायचंच नाही. म्हणून ती त्यांच्यासाठी ढकलत न्यायचं पेरणीयंत्र बनवत होती. त्यातली बी सोडणारी भोकांची चकती तेवढी जमत नव्हती. प्लायवूडची ओल्या मातीत फुगली. अ‍ॅक्रिलिकची तडकली.

चांगल्या प्लास्टिकसाठी ती अंबडच्या दुकानांत हिंडली. "अख्खी शीट घ्या, ताई. तुकडा आम्ही देत नाही," हेच उत्तर सगळीकडे. शेवटी भंगारातून तिनं एक करडा तुकडा आणला. तो कशाचा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला भोक पाडताच असा उग्र वास सुटला, की ती रात्रीपर्यंत खोकत होती. तिला हवं ते चिवट प्लास्टिक पाण्यावर तरंगतं, म्हणून तो तुकडा तिनं पाण्यात टाकून पाहिला. दगडासारखा तळाला गेला.

दुसऱ्या दिवशी सिंधुबाई मला घमेल्यात धूत होत्या. मी पाण्यावर तरंगत होतो. निकिता बघतच राहिली.

"आई, हा बोर्ड मला देता का? मला हवं तेच प्लास्टिक आहे हे."

"आन् भाजी कशावर चिरू?"

"तुम्हाला नवा आणते."

"नवा नको. इळी हाय घरात." सिंधुबाईंनी मला पदरानं पुसलं. "लय वर्सं हाताखाली हाय तो. जपून घे."

निकितानं दोन्हीकडून चिकटणारी टेप लावून मला यंत्रावर बसवलं. प्लायवूड तिनं असंच बसवलं होतं, म्हणून तिला शंका आली नाही. पण मित्रांनो, माझ्या जातीच्या प्लास्टिकला काहीच नीट चिकटत नाही. माझ्या पाठीखाली टेप नुसती टेकली होती, हे मला कळत होतं. ओरडावं तर मला तोंड नव्हतं.

गॉगल एकच होता, तो निकिताच्या डोळ्यांवर. सिंधुबाई कचरा ओढून घेणाऱ्या मशीनची नळी धरून माझ्या अगदी जवळ उभ्या.

"आई, थोडं मागे सरा."

"सरले की."

कटर पहिल्यांदा फिरलं तेव्हा वरचा पापुद्राच गेला. दुसऱ्यांदा ते खोल उतरलं. माझी एक कड उचलली गेली. माझाच लांबलचक कीस कटरला गुंडाळला गेला आणि त्यानं मला हिसका दिला. मी भिरभिरत उडालो तो थेट सिंधुबाईंच्या भुवईवर.

त्या खाली बसल्या. निकिताला यंत्र थांबवायचं लाल बटण सापडेना. यंत्र नुसतंच घरघरत राहिलं.

"आई, डोळा उघडा. आई, माझ्याकडे बघा."

"उघडत नाय गं."

दोघी रिक्षानं दवाखान्यात गेल्या. मी वॉशिंग मशीनखाली पडून होतो. माझ्या कोपऱ्याला रक्त लागलं होतं, ज्यांनी मला भुग्यापासून वाचवलं त्यांचंच. त्या घरातल्या शांततेइतकी भीती मला भंगाराच्या गाडीचीही वाटली नव्हती.

भुवईला टाके पडले. डोळ्याला आतून मार होता. नजर कितपत राहील हे पट्टी उघडल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले. निकितानं यंत्रावर चादर टाकली. आबांचा फोन आला, वाफे तयार होते. "माझ्यानं होणार नाही, आबा," एवढंच ती म्हणाली. ती रोज सासूला जेवण भरवायची आणि पट्टीकडे बघायचं टाळायची.

पट्टी निघाली त्या दुपारी सिंधुबाई गॅलरीत आल्या. चांगला डोळा त्यांनी तळहातानं झाकला आणि समोरच्या गच्चीकडे बराच वेळ पाहिलं.

"तो टावेल निळा हाय ना गं?"

 निकितानं मान डोलावली.

"धुरकट दिसतोय. पण निळा हाय." मग त्यांनी वाकून मला बाहेर ओढलं. "हा धू आन् तुझं काम पुरं कर."

"माझे हात थरथरतात, आई."

"थरथरू दे. भ्यालेलं माणूस गाठ पक्की मारतं."

या वेळी निकितानं मला चारही कोपऱ्यांत स्क्रूंनी आवळलं. स्क्रू अंगात शिरताना दुखलं, पण मी तसूभर हलत नव्हतो. तिनं यंत्राभोवती पारदर्शक आडोसा उभा केला, दुसरा गॉगल आणला. कटर खाली येताना मी भीतीनं गारठलो होतो. तिचा हात सारा वेळ लाल बटणावर होता. चकती सुटी झाली तेव्हा तिनं यंत्र थांबवलं आणि जमिनीवर बसून रडली.

ती चकती सटाण्याला गेली. आबांचा फोन आला, बी एकसारखं पडलं म्हणून.

मित्रांनो, स्वस्तातलं, जुनं प्लास्टिक जरूर वापरा. भुगा होण्यापेक्षा आम्हाला ते बरं. पण आम्ही कशाचे आहोत ते आधी नीट ओळखा, आणि आम्हाला घट्ट धरल्याशिवाय कटर लावू नका. आम्हाला सावध करता येत नाही.

आज निकितानं मला फळीवरून खाली काढलं आहे. आबांच्या शेजारच्या शेतासाठीही एक चकती हवी आहे. मला भीती वाटते आहे आणि तिलाही. तिनं स्क्रू आवळले, दोन्ही हातांनी मला ढकलून पाहिलं, पुन्हा आवळले. मग सिंधुबाईंना घरात पाठवून दार लावून घेतलं, आणि तेव्हा कुठे तिचं बोट यंत्र सुरू करायच्या बटणाकडे गेलं.