वरच्या कोपऱ्यातला पारा

मापसाहेबांना मासे आवडत नसत आणि नावडतही नसत. मुलीची दुसऱ्या शहरात बदली झाली, तिथल्या भाड्याच्या खोलीत एवढी मोठी काचेची पेटी न्यायची सोय नव्हती, म्हणून ती पेटी बापाच्या बैठकीच्या खोलीत आली आणि राहिली. आत चार गोल्डफिश. त्यांतला सगळ्यात जाडा, सारखी तोंडाची उघडझाप करणारा, तो वकील. बाकीच्या तिघांना मुलीनं नावं दिली नव्हती, कारण वकिलापुढे त्यांचं काही चालत नसे.

तेहतीस वर्षं ते वजनमापे निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, वजनं तोलून बघायची, शिक्का मारायचा. ते बाजारात शिरले की पारड्याखाली चिकटवलेले मेणाचे गोळे आपोआप नाहीसे होत. कोपऱ्यावरचा जाडा दुकानदार तर त्यांना बघून आपलं पोटसुद्धा आत ओढून घेई, म्हणत. निवृत्तीला आठ वर्षं झाली, नोकरी गेली, नाव तेवढं उरलं.

मुलीशी बोलायचं खातं बायकोकडे होतं. ती अर्धा अर्धा तास फोनवर बोले आणि शेवटी फोन त्यांच्या हातात देऊन म्हणे, "घ्या, बोला." मापसाहेब विचारत, "बरी आहेस ना?" मुलगी म्हणे, "हो. तुम्ही?" ते म्हणत, "ठीक." एवढ्यावर फोन परत जाई. चार वर्षांपूर्वी बायको गेली, आणि ते अर्धे अर्धे तास तिच्याबरोबर गेले. मुलीचा फोन आधी आठवड्यानं येई, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. आपण फोन उचलतो तेव्हा तिची पंचाईत होते आणि ती फोन करते तेव्हा आपली, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटे. यावर काही उपाय असेल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

तो उपाय उन्हाळ्यानं काढला.

एका दुपारी सव्वा वाजता, जेवणाच्या सुट्टीत, मुलीचा फोन आला. तिनं विचारलं, पाण्याचं तापमान किती? मापसाहेबांनी चष्मा लावला, काचेला आतून चिकटवलेल्या थर्मामीटरसमोर डोळा नेमका आणला आणि सांगितलं, "एकतीस. रेघेच्या किंचित खाली." एकतीस म्हणजे फार झालं, ती म्हणाली, गरम पाण्यात हवा कमी मुरते, मासे गुदमरतात. मग तिनं कामं सांगितली. पेटीचं झाकण काढा. आतला दिवा बंद ठेवा. खिडकीला जाड पडदा लावा. टेबलफॅन असा ठेवा की वारा पाण्यावरून तिरका जाईल. पाणी उडून कमी झालं की आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवलेल्या पाण्यानं भर घाला. खाणं निम्मं करा. फारच वाढलं तर बर्फ झालेली बंद बाटली पाण्यात सोडा, पण जपून, पारा एकदम उतरला तर मासे त्यानंही मरतील.

मापसाहेबांनी सगळं तंतोतंत केलं. मोजणं, पाहणं, सांगणं, हे त्यांना येत होतं. दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता परत फोन. एकोणतीस. तिसऱ्या दिवशी, एकोणतीस आणि पाव. पाव ऐकून मुलगी हसली. असे बावीस दिवस फोन येत राहिले. एका मिनिटाचं बोलणं अकरा मिनिटांवर गेलं, कारण आकड्याच्या आडून इतर गोष्टी आत शिरायला लागल्या. जिने चढताना तिचा गुडघा दुखतो हे त्यांना कळलं. ती आता आपले केस आपणच कापते, मागून वाकडे होतात, हेही कळलं. त्यांनी तिला सांगितलं की शर्टाचं बटण लावायला ते शिकले. सुईत दोरा ओवायलाच एक दुपार गेली, पण शिकले.

मुलगी बापाच्याच वळणावर गेलेली, कामाची. रोजची कटकट एकदाच मिटवावी म्हणून तिनं पाणी थंड करणारं मशीन पाठवलं. माशांच्या दुकानातला मिस्त्री येऊन ते टेबलाखाली बसवून गेला. एका नळीनं पाणी मशीनमध्ये जाई, दुसरीनं गार होऊन पेटीत येई आणि पाण्यातला सगळा उकाडा मशीन खोलीत सोडून देई. मासे चोवीस अंशात, मापसाहेब घामात.

"किती?" मुलीनं विचारलं.

"चोवीस."

दुसऱ्या दिवशीही चोवीस. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "चोवीसच असणार ना?" आणि चौथ्या दिवशी फोन आला नाही.

मापसाहेब एक ते दोन पेटीसमोर बसून राहू लागले. फोन मांडीवर. थर्मामीटर दहा दहा वेळा वाचत. पारा जागचा हलत नव्हता. आपण फोन करावा तर सांगायचं काय? चोवीस आहे हे तर तिला माहीतच आहे.

तेरा दिवस गेले. चौदाव्या दिवशी त्यांनी पेटीवर झाकण ठेवलं, आतला दिवा लावला आणि थर्मामीटर काढून वरच्या कोपऱ्यात, दिव्याच्या अगदी खाली चिकटवला, अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. तासाभरानं पारा एकोणतीसवर होता.

हा आकडा खोटा नव्हता. थर्मामीटर दाखवत होता तोच आकडा ते सांगणार होते. बाजारात एक म्हातारा वाणी होता, तो असंच म्हणे: साहेब, वजन खरं, तराजू खरा, फक्त फळी जरा उतारावर आहे. मापसाहेबांनी त्याला तीनदा पकडलं होतं.

त्यांनी फोन लावला.

मुलगी घाबरली. सव्वाचे फोन परत सुरू झाले. "बाटली टाकली का?" "टाकली." बाटली फ्रीजमध्येच होती. "उतरलं?" "थोडं." आणि दुसऱ्या दिवशी मात्र तीस सांगावं लागलं, कारण उतरलं असं सांगितलं असतं तर फोन थांबला असता. पण या खेपेला आकड्याच्या आडून काही आत येईना. ती फक्त मशीनचंच विचारायची. सहाव्या दिवशी तिचा आवाज दमलेला होता.

"बाबा, तुमची ओढाताण नको आता. मी दुकानात बोललेय. उद्या मिस्त्री येतील, मासे घेऊन जातील. राहू देत तिकडेच. तुमच्याही डोक्याचा ताप जाईल."

"बरं," मापसाहेब म्हणाले. फोन ठेवल्यावर आपण बरं का म्हणालो, याचा ते संध्याकाळपर्यंत विचार करत होते.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी अकराला आला. पन्नाशीचा, दोरीला बांधलेला चष्मा गळ्यात, हातात झाकणाची बादली आणि जाड प्लास्टिकच्या पिशव्या. सवयीनं त्यानं आधी परतीच्या नळीला हात लावला आणि थबकला. खिशातून आपला थर्मामीटर काढून पाण्यात मधोमध धरला. मग चष्मा नाकावर चढवून वरच्या कोपऱ्यातल्या थर्मामीटरकडे पाहिलं, त्यावरच्या दिव्याकडे पाहिलं, आणि सरतेशेवटी मापसाहेबांकडे पाहिलं.

मासे झकास आहेत, तो म्हणाला. हा जाडा तर निवडणुकीला उभा राहील. मग त्यानं पिशव्या हळूहळू गुंडाळायला घेतल्या. मापसाहेब खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. आपण पकडले गेलो हे त्यांना कळलं होतं. समोरचा माणूस पकडला गेला की कसा उभा राहतो हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, आणि आपण तसेच उभे आहोत हेही त्यांना दिसत होतं.

"ताईंना सांगतो, वायर सैल होती, घट्ट केली," मिस्त्री म्हणाला. "होतं असं, काका."

'होतं असं, साहेब' हे वाक्य त्यांनी तेहतीस वर्षं ऐकलं होतं, आणि दरवेळी निमूटपणे शेरा लिहिला होता. मिस्त्रीनं फोन लावला, तिकडून मुलीचा आवाज आला, आणि मापसाहेबांनी हात पुढे केला. मी बोलतो, म्हणाले.

"मशीन चांगलं आहे," त्यांनी मुलीला सांगितलं. "थर्मामीटर मीच वर लावला होता. दिव्याखाली."

"कधीपासून?"

"सात दिवस."

"म्हणजे पाणी चोवीसच होतं?"

"चोवीसच."

"आणि बाटली?"

"फ्रीजमध्ये आहे."

आता ती का म्हणून विचारेल, असं त्यांना वाटलं. तिनं विचारलं असतं तर काय सांगणार होते, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं नाही. "मिस्त्रींना फोन द्या," एवढंच म्हणाली. मिस्त्री हो ताई, हो ताई करत ऐकत राहिला आणि मग रिकामी बादली उचलून निघाला. मासे राहिले होते. दाराशी चपला घालता घालता तो म्हणाला, "माझी आई दर आठवड्याला टीव्ही बिघडवते. मी जातो, प्लग लावतो, चहा पितो, येतो."

मापसाहेबांना यावर हसायला हवं होतं. त्यांनी नुसती मान हलवली.

थर्मामीटर त्यांनी परत मधोमध लावला. त्या दुपारी फोन आला नाही, दुसऱ्या दुपारीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका कागदावर बोलायच्या चार गोष्टी लिहिल्या. वाचून बघितल्यावर त्यांतल्या तीन खोडल्या. मग सव्वा वाजता त्यांनी फोन लावला.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही."

"पाणी?"

"चोवीस."

"मग?"

"सहज केला."

तिच्या मागे खुर्च्या सरकत होत्या, चमचे वाजत होते. आता कागदावरची गोष्ट सांगावी म्हणून त्यांनी घसा साफ केला. "वकील आज दुसऱ्यांचंही खाणं खात होता."

"तो खातोच."

"हो."

"बरं, ठेवते मग."

"ठेव."

पण फोन बंद झाला नाही. बंद करायचा राहिला असावा, कारण आवाज तसेच येत होते. एका बाईनं विचारलं, घरी सगळं ठीक ना? मुलगी म्हणाली, हो, बाबा होते. काय म्हणत होते? काही नाही, ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "सहज केला होता, म्हणे."

हे ती कोणत्या सुरात म्हणाली, ते मापसाहेबांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी फोन कानाशी आणखी दाबून धरला. पण तोवर बोलणं कुणाच्या तरी रजेवर गेलं होतं, आणि त्यावर मुलगी हसत होती. हे हसणं त्यांच्या ओळखीचं नव्हतं. मोठं होतं, चारचौघांतलं. चोरून ऐकणं बरं नव्हे हे ठाऊक असूनही ते मिनिटभर ऐकत राहिले. मग त्यांनी फोन बंद केला.

टेबलाखालून मशीन त्यांच्या पायांवर गरम वारा सोडत होतं. कागदाची कोरी बाजू वर करून, उद्या सव्वा वाजता काय सांगायचं याचा विचार करत ते तिथंच बसून राहिले. दोन वाजेपर्यंत त्यांना एकच गोष्ट सुचली होती.