एकोणपन्नास ते चौसष्ट

मित्रांनो, मी एक जुना कवितासंग्रह आहे. जुना म्हणजे फार नाही, नऊ वर्षांचा, पण कवितासंग्रहांमध्ये नऊ वर्षं टिकणं म्हणजे काही खायचं काम नाही. माझी पानं ऐंशी, कविता एक्केचाळीस आणि सख्खी भावंडं दोनशे नव्याण्णव. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर आम्ही छापले गेलो. तरी त्या तीनशेंत माझ्या तोडीचा दुसरा नाही. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या. माझी गोष्ट ऐकून झाली की मग बोला.

मला लिहिणारी बाई रुग्णालयात रक्त तपासते. दिवसभर काचेच्या नळ्यांवर लोकांच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, हे तिचं काम. वाया गेलेल्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर तिने माझ्यातल्या बऱ्याच कविता लिहिल्या. ती तीन वर्षांची असताना तिचे वडील वारले. सहाव्या वर्षी आईने दुसरं लग्न केलं, आणि तिला नवं घर, नवं आडनाव आणि नवे वडील मिळाले. नव्या शेजारणी तिला जिन्यात अडवून विचारायच्या, "तू कुणाची गं?" मोठी झाल्यावर तिची आईही गेली. आपण कुणाचे, आणि ज्यांचे होतो ते निघून गेल्यावर मग कुणाचे, एवढा एकच प्रश्न मी ऐंशी पानं विचारतो. उत्तर द्यायची घाई मी कुठेही केलेली नाही, याचा मला अभिमान आहे.

आपल्याकडे माणसाचं नाव तीन मजली असतं: आधी स्वतःचं, मधे वडिलांचं, मागे आडनाव. माझ्या मुखपृष्ठावर मात्र एकच मजला आहे. तिचं नुसतं नाव, बाकी काही नाही. सगळं रामायण इथेच घडलं.

त्याआधी माझ्या जन्माची खोड सांगतो. पुस्तकाची सोळा-सोळा पानं एका घडीत येतात, तिला फर्मा म्हणतात. मी पाच फर्म्यांचा. बांधणीच्या कारखान्यात लांब टेबलावर फर्म्यांचे पाच ढीग लावलेले असतात, आणि जुळवणी करणाऱ्या मावशी टेबलाभोवती फिरत प्रत्येक ढिगातून एकेक उचलतात. माझ्या वेळी मावशी आपल्या वहिनीची गाऱ्हाणी शेजारणीला सांगत होत्या. वहिनीने नेमकं काय म्हटलं ते सांगायला त्या तिसऱ्या ढिगापाशी थांबल्या, तिथून दोन फर्मे उचलले आणि चौथा ओलांडून पुढे गेल्या. जाडी तेवढीच भरली, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. तेहतीस ते अठ्ठेचाळीस ही पानं माझ्यात दोनदा बसली आणि एकोणपन्नास ते चौसष्ट आलीच नाहीत.

प्रकाशनाच्या दिवशी आम्ही एका सभागृहात टेबलावर रचलेले होतो. तिचे बाबा, म्हणजे तिला वाढवणारे दुसरे वडील, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. तिने त्यांच्या हातात पुस्तक दिलं. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं, उलटून पाठ पाहिली, पुन्हा मुखपृष्ठ पाहिलं.

"माझं नाव लावायची लाज वाटली, तिथे माझं काय काम," ते म्हणाले, आणि पुस्तक माझ्याच अंगावर ठेवून निघून गेले. तिने त्यांना हाक मारली नाही. तीही त्यांच्याच हाताखाली वाढलेली, शेराला सव्वाशेर. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

माझी रवानगी एका सार्वजनिक ग्रंथालयात झाली. कवितेचं कपाट दाराआड, आणि माझी जागा सर्वांत खालच्या फळीवर. दोन वर्षांत सात वाचक मला घरी घेऊन गेले. एक मुलगी विसाव्या पानावर रडली. एका साहेबांनी माझं कडवं निरोपसमारंभाच्या भाषणात घातलं आणि टाळ्या घेतल्या. एका घरी मी आठवडाभर डगमगत्या टेबलाच्या पायाखाली होतो, आणि तेही काम मी चोख केलं. पण माझी खोड सातांपैकी एकालाही कळली नाही. कविता वाचणारे पुस्तक कुठूनही उघडतात आणि कुठेही मिटतात. पान एकपासून सुरू करून ओळीने वाचत जाणारा माणूस मी तोवर पाहिलाच नव्हता.

मग एका दुपारी चार वाजता तिचे बाबा आले.

पंपांच्या जळालेल्या मोटरी पुन्हा भरून द्यायचं त्यांचं दुकान आहे. तांब्याची तार एकेक खाच धरून, वेढे मोजत भरायची, वरून वार्निश द्यायचं आणि वाळेपर्यंत वाट बघायची. ते वाळत असताना त्यांना दोन तास मोकळे मिळत. सभासद नसलेल्यांना बसून वाचता येतं का, एवढं त्यांनी ग्रंथपालबाईंना विचारलं. मला शोधायला त्यांना वेळ लागला. सापडल्यावर त्यांनी रुमालाला हात पुसले, तरी बोटं काळी ती काळीच राहिली.

अनुक्रमणिकेवरून त्यांचं बोट खाली येत एका ओळीवर थांबलं: "मधलं नाव, पान त्रेपन्न". मला वाटलं, आता हे थेट त्रेपन्न उघडणार. छे! ते पान एकवर गेले. मोटर भरताना एकही खाच वगळता येत नाही, आणि त्यांना वाचायचीही तीच पद्धत ठाऊक होती. रोज आठ पानं. आईच्या आजारपणाच्या कवितांपाशी ते बराच वेळ थांबले. त्यांची बायको होती ती.

सातव्या दिवशी ते जरा लवकरच आले. त्या दिवसाच्या आठ पानांत त्रेपन्न येणार होतं. अठ्ठेचाळीस उलटलं, आणि समोर तेहतीस आलं. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण या भल्या माणसाला माझा संशयच आला नाही. गाण्यात धृपद पुन्हा येतं हे त्यांनी ऐकलं होतं. कवितेतही तसंच काही असेल, असं समजून त्यांनी ती सोळाच्या सोळा पानं दोन दिवस लावून पुन्हा वाचली. त्यानंतर एकदम पासष्ट आलं, तेव्हा ते उठून टेबलापाशी गेले.

ग्रंथपालबाईंनी मला चाळलं आणि कपाळाला हात लावला. सदोष प्रत आहे, नियमाप्रमाणे रद्द करावी लागेल, असं म्हणून त्यांनी रद्द पुस्तकांची वही उघडली. माझी ओळ तिच्यात लिहूनही झाली.

"रद्द नका करू," बाबा म्हणाले. "जळालेली मोटर आम्ही फेकत नाही. जी खाच रिकामी आहे ती भरून देतो. तेवढी पानं कुठे मिळतात बघा ना."

बाई नियमाच्या पक्क्या होत्या, पण त्यांच्या खुर्चीसमोर इतक्या अजिजीने कवितेची पानं मागायला कुणी आलं नव्हतं. त्यांनी प्रकाशकांना फोन केला. आवृत्ती संपलेली होती, सुटा फर्मा एकही उरला नव्हता. मग त्यांच्याकडून नंबर घेऊन बाईंनी थेट कवयित्रीलाच फोन लावला. कोण वाचतंय, हे तिने विचारलं असावं. नाव माहीत नाही, बाई म्हणाल्या, रोज चारला येतात, पान उलटण्याआधी हात पुसतात, तरी बोटं काळीच असतात. पानं मी आणून देते, एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

तीन दिवसांनी ती सकाळीच आली. सोबत सोळा पानं होती, सगळी हाताने लिहिलेली. स्वतःच्या प्रतीवरून झेरॉक्स काढली असती तरी चाललं असतं, असं बाई म्हणाल्या.

"छापलेलं त्यांनी एकदा परत केलंय," ती म्हणाली. "माझं अक्षर त्यांनीच वळवून घेतलंय. बघू, ते तरी परत करतात का."

चारपर्यंत थांबा, असं बाईंनी सुचवलं, पण ती थांबली नाही. हेही परत केलेलं उभं राहून पाहायची तिची तयारी नव्हती.

बाईंनी माझी पाठ उसवली, दुबार आलेला फर्मा काढला आणि दाभणाने नवी पानं शिवली. मी दोन दिवस जाड शब्दकोशांखाली दाबून होतो. ते दोन्ही दिवस बाबा आले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या हातात होतो. अक्षर पाहताच त्यांनी मला मिटलं. मग चष्मा पुसला आणि पुन्हा उघडलं. तेव्हाही हा माणूस एकोणपन्नासपासूनच वाचत आला. त्रेपन्नावर हे होतं:

शाळेच्या खिडकीत विचारलं,
वडिलांचं नाव?
आई गप्प झाली.
मागून काळ्या बोटांचा माणूस पुढे आला,
म्हणाला, आधी तिचं नाव लिहा.
माझं मागून आलं तरी चालेल.

म्हणून आधी माझं लिहिलं, बाबा.
तुमचं मागून येतंय.

आणि खालच्या ओळीत, एकटंच, त्यांचं नाव आहे. ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते तिने त्यांच्यासाठी लिहिलं आहे.

बाबा रडले. ओठ घट्ट मिटून, आवाज न करता रडले, आणि माझ्यावर थेंब पडू नये म्हणून मला त्यांनी लांब धरलं होतं. मग टेबलापाशी जाऊन त्यांनी विचारलं, हे घरी नेता येईल का? त्यासाठी सभासद व्हावं लागतं, असं म्हणून बाईंनी अर्ज पुढे केला. शेवटचा रकाना होता, ओळख देणाऱ्या व्यक्तीचं नाव. त्यांनी तिचं नाव लिहिलं, नुसतं नाव, मुखपृष्ठावर आहे तसं. नातं या शब्दापुढे लिहिलं, मुलगी. ओळख देणाऱ्याची सही इथे, माझ्यासमोर लागते, बाई म्हणाल्या. हा नियम खरा होता की त्यांनी तेव्हाच केला, मला माहीत नाही.

बाबांनी खिशातून फोन काढला.

मित्रांनो, त्या रद्द पुस्तकांच्या वहीतली माझी ओळ बाईंनी खोडली, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतो आहे. पुस्तकांना कव्हरं घाला, पानं दुमडू नका, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझं मागणं वेगळं आहे. एखादं पुस्तक मनाला लागलं, तर मुखपृष्ठ पाहून परत करू नका. आत जा. पान एकपासून वाचा, आणि एखादं पान नसलं तर ते मागायला लाजू नका. मला खात्री आहे, कुणीतरी ते लिहून ठेवलेलं असतं.

"हॅलो," बाबा फोनवर म्हणाले, "मी बोलतोय. तुझी एक सही हवी होती गं."